आधीच ठाऊक असलेले उत्तर

शिकविण्यामागील हेतूंना पूर्वी नुसती उद्दिष्टे म्हणत. आता 'अध्ययन निष्पत्ती' असा भारदस्त शब्द रूढ झाला आहे. शब्दाविषयी माझी तक्रार नाही. दहावीच्या विज्ञानाची जी पाठ्यपुस्तके २०१८ साली निघाली, त्यांचे भाग दोन आणि प्रत्येक भागात प्रकरणे १०. गुरुत्वाकर्षणापासून आपत्ती व्यवस्थापनापर्यंतचा एवढा मुलूख वर्षभरात पालथा घालावयाचा, तर मुक्कामांची यादी जवळ असलेली बरीच. परंतु मी ज्या एका हेतूसाठी विज्ञान शिकवितो, तो अशा यादीत सहसा दिसत नाही.

अपवर्तनाचा प्रयोग पुष्कळ वाचकांनी शाळेत केला असेल. कागदावर काचेची आयताकृती चीप ठेवावयाची, तिच्या कडा पेन्सिलीने आखावयाच्या, एका बाजूस दोन टाचण्या उभ्या करावयाच्या आणि दुसऱ्या बाजूने एक डोळा मिटून काचेतून पाहत आणखी दोन अशा रोवावयाच्या, की चारही एका ओळीत दिसाव्यात. मग चीप उचलून भोके जोडावयाची. किरण काचेत शिरताना वळतो, बाहेर पडताना पुन्हा वळतो आणि मूळ दिशेस समांतर, पण किंचित बाजूस सरकून निघतो. अर्थात आपाती कोन आणि निर्गत कोन सारखे.

सारखे, हे पुस्तकात छापलेलेच असते. साऱ्या घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. मुले पहिल्या दोन टाचण्या लावतात आणि उरलेल्या दोन कोनमापक धरून टोचतात! वहीत ३० पुढे ३०, ४५ पुढे ४५, ६० पुढे ६०. टाचणी जाड, कागद सरकणारा, डोळा कधी वर तर कधी खाली. अशा साहित्यातून एकदाही अंशाचा फरक पडू नये, हे प्रत्यक्ष विश्वकर्म्यासही साधावयाचे नाही.

एका वर्षी एका मुलीने ४५ पुढे ४३ लिहून आणले. हातात रबर तयारच होते.

"सर, खोडू का?"

"दिसले ते लिहिलेस ना? मग पुन्हा मोज."

दुसऱ्या खेपेस ४६ आले, तिसऱ्या खेपेस ४४. मग तिने आपण होऊन विचारले, की टाचण्या एकमेकींपासून दूर रोवल्या तर फरक कमी होईल काय? होतो. त्यांत २ सेंटिमीटर अंतर असताना एक टाचणी अर्धा मिलिमीटर ढळली, तर रेषा सुमारे दीड अंशाने फिरते. अंतर ५ सेंटिमीटर असेल तर सुमारे अर्ध्याच अंशाने. हा प्रश्न मी तिला शिकविला नव्हता. रबर फिरले असते, तर तो निघालाच नसता.

तिचे वडील मात्र चिंतेत पडले. "उत्तर चुकलेले असताना आपण सही कशी केलीत?" गृहस्थ सुशिक्षित होते आणि त्यांची चिंता पोकळ नव्हती. लेखी पत्रिका प्रत्येकी ४० गुणांच्या, प्रयोगांचे २०. त्यातला एक गुणही घरोघर मोलाचा. वहीतले तीनही आकडे मी त्यांना दाखविले, टाचण्यांचा हिशेब सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "पण परीक्षेत हिने काय लिहावे?"

"जे मोजले ते," मी म्हणालो. त्यांचे समाधान झाले असे वाटले नाही.

परीक्षेत तिच्या वाट्यास बहिर्गोल भिंग आले. समोरच्या इमारतीची उलटी प्रतिमा तिने कागदावर तीनदा धरली, आणि नाभीय अंतराचे तीन निरनिराळे आकडे लिहून खाली सरासरी काढली.