एल्कच्या रानांतील पांघरूण

शिकारीच्या विषयावर आम्हीं लेखणी उचलावी ह्याचें वाचकांस, विशेषतः घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस, नवल वाटेल. आमच्या घरांत मांस शिजत नाहीं, आणि बंदूक तर आजवर कोणीं हातांतहि धरलेली नाहीं. परंतु आमचा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंत डेन्व्हर येथें राहतो. त्याच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ दर वर्षीं रीतसर परवाना काढून एक एल्क मारतात, आणि त्याच्या मांसावर घरचा हिंवाळा काढतात. गेल्या आश्विनांत ते, पुतण्या आणि आम्ही असे तिघे पांच दिवस रानांत राहून आलों. शिकार त्यांची, कौतुक पुतण्याचें. आम्ही केवळ स्थळ पाहण्यास गेलेलों.

स्थळ मात्र पाहण्याजोगें खरें. डेन्व्हरहून पर्वताची मुख्य रांग ओलांडून पश्चिमेस मीकर ह्या लहानशा गांवीं जावें, आणि तेथून व्हाइट नदीच्या कांठाकांठानें पुनः पूर्वेस वळावें, म्हणजे ट्रॅपर्स सरोवर लागतें. उंची सुमारें 9,600 फूट. भोंवतीं सपाट माथ्याचे काळे कडे. त्यांवरूनच ह्या प्रदेशास ‘फ्लॅट टॉप्स’ हें नांव पडलें. सह्याद्रीप्रमाणें हे कडेहि बेसॉल्टचे असल्यामुळें प्रथमदर्शनीं आम्हांस घाटमाथ्याचीच आठवण झाली. 1919 सालीं सरकारी वनखात्यानें आर्थर कारहार्ट नांवाच्या तरुणास येथें बंगल्यांच्या जागा व रस्ता आंखण्यास पाठविलें. त्यानें सरोवर पाहिलें आणि ‘येथें कांहींच बांधूं नये’ असा अभिप्राय दिला. तो मानला गेला, म्हणून आजहि ह्या रानांत मोटार जात नाहीं. 2002 सालच्या वणव्यांत जळालेलीं झाडें अजून उभीं आहेत. चांदण्यांत तीं मोठीं विलक्षण दिसतात.

जें न्यावयाचें तें पाठीवर, म्हणून निघण्यापूर्वीं प्रश्न आला पांघरुणाचा. गोधडी-घोंगडी येथें कामाची नाहीं. पिसें किंवा कृत्रिम तंतु भरलेली, गळ्यापर्यंत बंद होणारी ‘स्लीपिंग बॅग’ लागते. कल्पना जुनी आहे. स्टीव्हन्सन हा ग्रंथकार 1878 सालीं फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांतून पायीं गेला, तेव्हां त्यानें आंतून मेंढीची लोंकर लावलेली अशीच एक पिशवी करून घेतली होती. ती इतकी अवजड झाली कीं तिच्याकरितां त्याला एक गाढव विकत घ्यावें लागलें. आमच्या मंडळींत त्या प्राण्याची उणीव कोणीं भरून काढली तें पुढें येईलच.

दुकानांत पिसांच्या चांगल्या पिशवीची किंमत चारशें डॉलर पाहून आमचे डोळे पांढरे झाले. पांच रात्रींकरितां चारशें डॉलर! आजीनें जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आमच्या घरीं पंचवीस वर्षें टिकली, हें आम्हीं पुतण्यास तेथेंच ऐकविलें. तो पैसे देण्यास तयार होता. आम्हीं ऐकलें नाहीं. दुसऱ्या एका दुकानीं पंचेचाळीस डॉलरांस पिशवी मिळाली. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘20 अंश’ असें छापलेलें होतें. हे अंश फॅरनहाइटचे, म्हणजे सेल्सिअसचे उणे सात. तेवढी थंडी असते असें ऐकून होतों, तेव्हां काम झालें म्हणून आम्ही खूष. शेजारच्या गृहस्थांनीं ती चांचपून पाहिली आणि ‘खालीं काय घालणार?’ एवढेंच विचारलें. आमच्याजवळ हवा भरावयाची एक साधी गादी होती.

पहिली रात्र ढगाळ होती, ती निभावली. दुसऱ्या रात्रीं आभाळ निरभ्र झालें. कोजागरी जवळ आलेली, सरोवरावर दुधासारखें चांदणें. तें पाहून आम्ही समाधानानें पिशवींत शिरलों. एकाच्या सुमारास जाग आली ती दांतांवर दांत आपटत असल्यामुळें. वरून तितकें नव्हे, पण पाठींतून कोणी बर्फ चढवीत आहे असें वाटत होतें. भिडस्तपणामुळें तासभर तसेंच पडून राहिलों. हा आमचा मूर्खपणा. शेवटीं पिशवीची सांखळी उघडावी म्हटलें तर बोटें वळेनात, आणि पुतण्यास हांक मारली तर शब्द जड होऊन बोबडे निघाले. ‘काका, असें काय बोलतां?’ म्हणून तो घाबरून उठला.

पुढचें सर्व त्या वृद्ध गृहस्थांनीं केलें. स्टोव्ह पेटवून पाणी तापविलें, बाटलींत भरून आमच्या पोटाशीं दिलें, डोक्यास लोंकरीची टोपी घातली, आणि स्वतःच्या दोन गाद्यांपैकीं एक काढून आमच्या अंगाखालीं सारली. सूनबाईंनीं बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू होते. ते दोन बळेंच खाववले. अर्ध्या तासानें बोलणें ताळ्यावर आलें. बाहेरच्या तापमापकांत पारा 11 अंशांवर, म्हणजे सेल्सिअसच्या उणे बारापर्यंत उतरला होता.

सकाळीं चहाच्या वेळीं त्यांनीं आमच्या पिशवीचें निदान केलें. हिमालयांत जाणाऱ्या आपल्या मंडळींसहि तें उपयोगी आहे, म्हणून सविस्तर देतों. पिशवीवरील आंकडा म्हणजे सुखाच्या झोंपेचें वचन नव्हे. युरोपांत 2002 सालीं ठरलेल्या व 2016 सालीं आंतरराष्ट्रीय झालेल्या पद्धतीनें, तापविलेला पुतळा पिशवींत निजवून निरनिराळे आंकडे काढतात. त्यांतला सुखाचा आंकडा सामान्य स्त्रीच्या मानानें. त्याच्या खालचा सामान्य पुरुषाच्या मानानें, तोहि अंग आंखडून निजला असतां. दोहोंत बहुधा दहा फॅरनहाइट अंशांच्या आसपास अंतर असतें, आणि ठळक छापला जातो तो पुष्कळदां खालचा. त्यांतून हा सामान्य पुरुष पंचवीस वर्षांचा! आमची साठी उलटून गेलेली. शिवाय आमच्या पिशवीस अशा परीक्षेचा शिक्काच नव्हता. आंकडा कारखानदाराच्या मनचा.

पण खरा अपराध गादीचा. ऊब धरते ती तंतूंमध्यें अडकलेली हवा. अंगाखालीं तंतु चेपले कीं ती हवा जाते आणि पिशवीची पाठ निरुपयोगी होते. तेथें जमिनीची थंडी अडवावयाची ती गादीनेंच. नुसत्या हवेच्या गादींत आंतली हवा फिरत राहून अंगाची ऊब जमिनीस देऊन येते. ह्या अडविण्याच्या शक्तीस ‘आर’ मूल्य म्हणतात. गोठलेल्या जमिनीवर तें चार-पांच तरी असावें. आमच्या गादीचें एकाच्या आसपास. फेसाळ रबरासारख्या घट्ट पदार्थाची घडीची गादी वीस-तीस डॉलरांस मिळते, आणि एकावर एक दोन घातल्या तर मूल्यांची बेरीज होते. त्या गृहस्थांची स्वतःची पिशवी कृत्रिम तंतूंची, पुष्कळ जुनी होती. पिसें हलकीं व टिकाऊ खरीं, पण भिजलीं कीं लोळागोळा होतात, आणि ह्या दिवसांत तेथें ओला बर्फ केव्हां पडेल ह्याचा नेम नाहीं.

चौथ्या दिवशीं एल्क पडला. तो सांबराचाच भाऊबंद. नराचें वजन सातशें पौंडांपर्यंत भरतें. मांस टाकून येणें तेथील कायद्यानें गुन्हा आहे, म्हणून तुकडे करून तें पाठीवरून खेपा घालून आणावें लागतें. आम्ही दूर बसून राहिलों. मांस आमच्यानें उचलवेना, हें त्या गृहस्थांनीं न सांगतां ओळखलें आणि तिघांच्या पिशव्या व तंबू आमच्या पाठीवर दिले. पुतण्याची पिसांची पिशवी तीन पौंडांच्या आंत, आमची पांच पौंड. चार मैलांच्या उतरणीवर त्या दोन पौंडांचा हिशेब खांद्यांनीं चोख केला.

डेन्व्हरला परत येतांच जुन्या सामानाच्या दुकानीं गेलों. पिशवी झटकून जमिनीवर पसरली, दहा मिनिटांत ती किती फुगते तें पाहिलें, सांखळी दोनदां ओढून पाहिली, आणि सुखाचा आंकडा 10 अंश असलेली एक नव्वद डॉलरांस घेतली. वर घडीच्या दोन गाद्या. पुढील वर्षीं जाण्याचें ठरलें आहे. घरीं ती दाबून न ठेवतां खुंटीस टांगून ठेवली आहे. पंचेचाळीस डॉलरांची मात्र सूनबाईंनीं उसवून पाहुण्यांकरितां दुलई केली.