शेवटचे अक्षर

आमच्या घरी सकाळी सहाला दूध येते. दूधवाले भाऊ अंबड रस्त्यावरच्या एका खेड्यातले. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून ते जुन्या जालन्यात येतात. बारा-तेरा वर्षांचा रतीब आहे. त्यांच्या म्हशीचे दुखणे आम्हाला ठाऊक असते आणि आमच्या घरातल्या परीक्षा त्यांना. 2023 च्या ऑक्टोबरात एका सकाळी दूध मोजून झाल्यावर त्यांनी शर्टाच्या आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला.

"बाई, तुम्हाला उर्दू येतं ना? आज्याच्या पेटीत सापडलं. बघा बरं, यात कुणबी लिहिलंय का."

त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात दुसरा विषयच नव्हता. अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण सुरू असताना 1 सप्टेंबरला लाठीमार झाला आणि अंबड तालुक्यातल्या त्या लहान गावाचे नाव देशभर झाले. मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यातले जुने दफ्तर निजामाच्या काळातले, म्हणजे बरेचसे उर्दूत. जे उर्दू वाचू शकतात त्यांची आठवण मग सगळ्यांना झाली.

इथे मनातले बोलून टाकतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. उर्दू ही परक्यांची भाषा, असे आम्हाला बसमध्ये, बँकेच्या रांगेत, ओळखीच्यांकडूनसुद्धा ऐकावे लागलेले आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपालिकेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव आहे, तर तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ती पाटी राहू द्यावी, असा निकाल 15 एप्रिल 2025 ला लागला. तेव्हा दूधवाल्या भाऊंनी कागद पुढे केला त्या क्षणी आम्हाला आनंद झाला, आणि थोडा माजही चढला. आता कशी गरज पडली, असे मनात आले. अल्लाह माफ करो.

छापील उर्दू वाचणे आणि कचेरीचा कागद वाचणे यांत फार अंतर आहे. हे कागद शिकस्ता लिपीत. लिहिणारा घाईत असे. तो नुक्ते गाळी, अक्षरे एकमेकांत ओढी. वर सन फसली. त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन निघतो. महिन्यांची नावे आजर, दै, बहमन अशी फारसी. आमचे बीएड इथे काही कामाचे नव्हते. कामाला आले आमचे सासरे. अब्बांचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. त्यांचे वडील हातगाडीवर फळे विकत. अब्बा मात्र तरुणपणी तीन-चार वर्षे कचेरीबाहेर एका अर्जनवीसाच्या पाटाशी बसले आणि तिथे शिकस्ता शिकले. साठ वर्षांत त्या विद्येला कोणी विचारले नव्हते.

अब्बांनी कागद उन्हात धरला, भिंग लावले. सन 1343 फसली, म्हणजे 1933-34. भाऊंच्या पणजोबांचे नाव, गावाचे नाव, जमिनीचा आकार, सगळे लागले. पुढे ओळीच्या शेवटी एक शब्द. आधी काफ, मग दोन दात, नुक्ता एकही नाही, आणि त्यापुढे कसरीने खाल्लेले भोक. शेवटी 'ये' असेल तर तो शब्द कुणबी. 'हे' असेल तर कुंबा, म्हणजे कुटुंब. 'अमुक व कुंबा' असेही कागदांत लिहीत. एका अक्षराचा फरक, आणि ते अक्षरच किड्याच्या पोटात गेलेले.

भाऊ म्हणाले, "चाचा, कुणबीच असंल की. द्या तसं लिहून."

खरे तर आमच्या लिहिण्याला सरकारदरबारी किंमत नव्हती. दाखला द्यायचा तर त्यांचा वाचक, त्यांची पडताळणी. भाऊंना फक्त कोणीतरी 'हो' म्हणायला हवे होते. त्यांचा मुलगा दहावीला होता. दोन एकर कोरडवाहू आणि चार म्हशी यांवर त्याला पुढे कसे शिकवायचे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

इथे आमच्या घरातली गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही बागवान, ओबीसी. मुसलमानांतल्या मागास बिरादऱ्यांना ओबीसींचे हक्क मिळावेत म्हणून जी चळवळ झाली, ती उभी करणारे शब्बीर अन्सारी आमच्या जालन्याचेच. दिलीपकुमारसारखा माणूस त्यांच्यासोबत फिरला. त्या दाखल्यावर आमच्या दिराच्या मुलीला डिप्लोमाला जागा मिळाली. दीर त्या सकाळी ओसरीवर बसून सगळे ऐकत होते. भाऊ फाटकाबाहेर गेले न गेले तोच म्हणाले, "भाभी, कायकू पढ के दे रहे? कल कू अपनेच बच्चों की सीट जाती."

त्यांचे बोलणे चूक, असे म्हणायला आमच्याकडे तेव्हा शब्द नव्हते. आजही पुरते नाहीत. पलीकडच्या काकू माळी समाजाच्या. त्यांनी भाऊंना कागद घेऊन येताना पाहिले होते. चार दिवस त्या कुंपणाशी आल्या नाहीत. कढीपत्ता मागायलाही नाही.

अब्बांनी दिराला उत्तर दिले नाही. त्यांनी आम्हाला कागद-पेन आणायला सांगितले आणि जे वाचता आले ते ओळीने मराठीत लिहवून घेतले. शेवटी लिहवले, 'पुढील शब्दाचे शेवटचे अक्षर नष्ट झाले आहे, वाचता येत नाही.' आम्ही विचारले, "अब्बा, अंदाजाने लिहायचे का? त्याचे भले होईल." ते म्हणाले, "बेटा, ही गवाही आहे. गवाहीत अंदाज नसतो." साक्ष खरी द्यावी, मग ती स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरुद्ध का जाईना, ही कुरआनची ताकीद आम्ही लहानपणापासून ऐकतो. आप्ताच्या बाजूने किंवा शेजाऱ्याच्या बाजूनेही अक्षर वाढवायचे नाही, हा तिचा अर्थ त्या दिवशी समोर आला.

भाऊंना आम्ही लिहिलेले दिले. सोबत सांगितले की हा घरचा कागद आहे, याची कचेरीची प्रत शाबूत असू शकते. तहसील आणि भूमी अभिलेखला अर्ज करा, सेतवार बघा, खासरा पत्रक बघा, पणजोबांचे नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे का तेही बघा. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दूध आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही पिशवीचे दूध आणले. अब्बांनी तो चहा अर्धा ठेवला.

चौथ्या दिवशी मोटारसायकल वाजली. भाऊ म्हणाले, "बाई, राग आला होता. मग घरी म्हातारी म्हणली, जो नाही ते नाही म्हणतो, तो आहे ते आहे म्हणंल." आणि त्यांनी अख्खी पिशवीच पुढे केली. पेटीतले सतरा कागद.

त्यातला एक आम्ही विसरणार नाही. गावच्या वसूल-बाकीची यादी होती. तो रविवार होता. काकूही तेव्हा आल्या होत्या, बहुधा कानोसा घ्यायला. अब्बा मोठ्याने वाचू लागले. पाटील, मग माळी, मग दोन मांग, एक शेख, एक धनगर, पुन्हा पाटील. प्रत्येकाच्या नावापुढे थकलेले रुपये-आणे. एकाच्या शेऱ्यात, बैल मेला. दुसऱ्याच्या शेऱ्यात, गाव सोडून गेला. काकूंनी विचारले, "माळ्याकडं किती निघत होते?" अब्बांनी सांगितले. "आन् आमच्या पाटलाकडं?" भाऊंनी विचारले. पाटलाकडे माळ्याहून जास्त निघत होते. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. भाऊही हसले, जरा उशिराने. त्या यादीत जात होती, पण कुणबी हा शब्द कुठेच नव्हता. भाऊंनी तोही कागद नीट घडी केला.

यामुळे तंटा मिटला, असे कोणी समजू नये. पुढच्या जूनमध्ये ओबीसींच्या बाजूने लक्ष्मण हाके यांनी वडीगोद्रीला उपोषण केले. तेही अंबड तालुक्यात, अंतरवालीहून थोड्याच अंतरावर. त्या आठवड्यात काकू आणि भाऊ आमच्या फाटकाशी समोरासमोर आले तरी बोलत नव्हते. एकाने दुसऱ्याच्या टपरीवर चहा प्यायचा नाही, असेही गावांगावांत चालल्याचे भाऊच सांगत. आमच्या ओसरीवर मात्र दोघेही येत राहिले, वेगवेगळ्या वेळी. काकूंनी सासऱ्यांचा विहिरीच्या पाणपाळीचा कागद आणला. तोही अब्बांनी तसाच वाचला. त्यात काकूंच्या घराची पाळी त्या सांगत होत्या त्यापेक्षा एक दिवस कमी निघाली. त्यांनी तो मुकाट्याने नेला.

2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटिअरसंबंधी शासन निर्णय निघाला आणि पिशव्या घेऊन येणारी माणसे पुन्हा वाढली. अब्बांना आता भिंगानेही दिसत नाही. आम्ही अक्षराचा आकार तोंडाने सांगतो, ते डोळे मिटून शब्द सांगतात. भाऊंच्या पणजोबांची कचेरीतली प्रत अजून मिळालेली नाही. त्यांचा मुलगा आता बारावीला आहे. शनिवारी दुपारी तो वही घेऊन येतो. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या दारात जायचे नाही, स्वतः वाचायचे, असे त्याने ठरवले आहे. गेल्या शनिवारी 'बे' आणि 'नून' चालले होते. एकाचा नुक्ता खाली, एकाचा वर. तो सारखी उलटापालट करत होता.

दीर ओसरीवरच बसले होते. "सीट भी लेंगे, अलिफ-बे भी लेंगे," असे ते पुटपुटले. मग उठून आले, पोराच्या हातातले पेन घेतले आणि नुक्ता खाली दिला.