रामाकोन्याची गाडी

२००८ सालची गोष्ट. एका मित्राच्या मुलीच्या लग्नासाठी मी नागपूरहून रामाकोन्याला निघालो होतो. छिंदवाड्याला जाणारी ती छोटी गाडी, नॅरोगेजची. आता ती राहिली नाही, मोठी लाईन झाली आहे. सौंसर तालुकाही तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ पासून तो नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला. राज्य मध्य प्रदेश, पण डब्यात सगळीकडे मराठीच ऐकू येत होती. आमच्या गोव्याच्या कानाला जरा वेगळी, पण मराठीच.

समोर एक बाई बसल्या होत्या. नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स. रजा घेऊन माहेरी, रामाकोन्याला चालल्या होत्या. सावनेर सोडल्यावर माझा फोन वाजला. फोंड्याहून भाऊ बोलत होता. आईला इस्पितळात ठेवलं होतं, श्वास लागत होता. मी हादरून गेलो. बाईंनी फोन मागून घेतला. भावाला चार प्रश्न विचारले, डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगितलं, कागदावर लिहून घ्यायला लावलं. मग फोन परत देत हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी येसूला मानते. तुमच्या आईसाठी प्रार्थना केली तर चालन का?"

मी ताडकन "नको" म्हणालो.

ते 'नको' माझं एकट्याचं नव्हतं. आमचा मंगेश १५६० साली कुशस्थळीहून रातोरात नदीपार प्रियोळला आणावा लागला, ही कथा ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या फेस्ताचं जेवण आम्ही आनंदाने जेवतो, पोदेराच्या हॉर्नने आमची सकाळ उजाडते. पण कुणी येऊन धर्म सांगू लागला की मनात चारशे वर्षांपूर्वीचं काहीतरी जागं होतं.

बाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. राग नाही, आग्रह नाही. डबा उघडून भाकरी पुढे केली.

थोड्या वेळाने मलाच ओशाळल्यासारखं झालं. विचारलं, "दवाखान्यातही असं विचारता?"

"नाही बाप्पा," त्या म्हणाल्या. "ड्यूटीवर मी नर्स. खाटेवर पडलेला माणूस मला नाही कसा म्हणन? त्याची सुई माझ्या हातात आहे ना! बरा होऊन घरी जाताना त्यानंच विचारलं, तर सांगते. तुमी नाही म्हणू शकत होते, म्हणून तुमाले विचारलं."

हे उत्तर अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ साली सरकारने न्यायमूर्ती नियोगी यांची समिती नेमली. १९५६च्या अहवालात तिचा मोठा आक्षेप हाच होता की शाळा-दवाखान्यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो. पुढे १९६८ साली त्या राज्यात कायदा झाला, २०२१ साली त्याहून कडक असा दुसरा आला. बळजबरी कुठे सुरू होते यावर आजही कोर्टात वाद चालतात. या बाईने मात्र आपल्यापुरती ती रेघ ओढून घेतली होती, कोणी न सांगता.

रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. राजनांदगावला जाताना त्यांनाही अशाच एका आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने बायबल दिलं होतं. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यामुळे काय आलं, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला माहीत आहे. म्हणजे गाडीतल्या एका संभाषणाची किंमत घरातलं दुसरंच कुणी मोजतं, हेही खरं. पण याच टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला. श्रद्धा आणि पगार एकाच हातातून येऊ नयेत असं त्यांनाही वाटलं असेल का? टिळकांनी श्रद्धेसाठी नोकरी सोडली. या बाईंनी नोकरी सांभाळून श्रद्धा सांभाळली. दुसरं सोपं आहे असं मला वाटत नाही. रोज आठ-दहा तास मनातली सर्वांत मोठी गोष्ट मनातच ठेवायची!

रामाकोना आलं. उतरताना मी म्हटलं, "बाई, प्रार्थना करा हो. चालेल."

त्या हसल्या. "विचारलं तेव्हाच मनात सुरू झाली होती भाऊ. तुमी नको म्हणाले, मंग थांबवली. आता करते."

आई त्यानंतर सहा वर्षं जगली. प्रार्थनेमुळे की त्या चार प्रश्नांमुळे, मला ठाऊक नाही. आईला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती मंगेशाच्या तसबिरीकडे बघत एवढंच म्हणाली, "त्या बाईला जेवायला बोलावलं असतंस तर!"

मी तर तिचं नावही विचारलं नव्हतं.