डॉलरला रुपयाने गुणू नका

गेम तयार होतो, चाचण्या संपतात आणि माझ्यापुढे एक तक्ता येतो. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम विकायला ठेवताना आधी अमेरिकेतला भाव भरायचा. खाली रुपया, येन, झ्लोटी अशा तीसहून जास्त चलनांपुढे सुचवलेले भाव उमटतात. ते ठेवायचे की बदलायचे, हे ठरवणं माझं काम. पुण्यात बारा वर्षं मी हेच करते आहे.

सुचवलेला भाव म्हणजे विनिमय दराने केलेला गुणाकार नव्हे. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी त्या त्या देशातली क्रयशक्ती आणि महागाईही धरते. म्हणून अमेरिकेत ९.९९ डॉलरला मिळणारा आमचा छोटा गेम इथे ४८० रुपयांना आहे. त्यातले ७३ रुपये जीएसटीत जातात. उरलेल्यातून स्टीमचा ३० टक्के हिस्सा गेला, की आमच्या हाती पडतात २८५ रुपये. अमेरिकेतल्या विक्रीमागे सात डॉलर मिळतात, म्हणजे याच्या दुपटीच्या आसपास. मग हा तोटा का सोसायचा, असं प्रत्येक नवा सहकारी विचारतो.

हा तोटा नाहीच. गेम बनवायला वर्षं लागतात. पण एकदा बनला की पुढच्या प्रतीला जवळपास काही खर्च येत नाही. डॉलरच्या हिशेबाने भाव लावला असता, तर इथल्या विद्यार्थ्याने तो घेतलाच नसता आणि २८५ ऐवजी शून्य आलं असतं. ते शून्य मी जवळून पाहिलं आहे. स्टीमवर रुपयात भाव दिसू लागले ते नोव्हेंबर २०१५ मध्ये. त्याआधी डॉलरचा आकडा बघायचा, परदेशी व्यवहार चालणारं कार्ड घरात नसायचं आणि शेवटी गेम यायचा मित्राच्या पेन ड्राइव्हवरून.

ही व्यवस्था नाजूक आहे. अर्जेंटिनात पेसो घसरत गेला, तिथले गेम फार स्वस्त पडू लागले आणि दूरदेशीचे लोक आपला पत्ता अर्जेंटिनाचा दाखवून खरेदी करू लागले. स्टीमने २०२१ मध्ये देश बदलायला तीन महिन्यांची अट घातली. पुढे २० नोव्हेंबर २०२३ रोजी अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातले भाव डॉलरमध्ये गेले. चलन इतकं अस्थिर आहे की भाव ठरवणं कठीण होतं, हे कंपनीने दिलेलं कारण. पगार पेसोत, गेम डॉलरमध्ये. ज्यांनी तिथला वेगळा भाव भरला नाही, त्यांच्या गेमला थेट अमेरिकेचा भाव लागला. तक्त्यातला एक रिकामा चौकोन इतका महाग पडतो.

देशादेशांमधलं असं कुंपण सगळीकडे योग्य असतं असंही नाही. मध्य आणि पूर्व युरोपात विकलेले काही गेम युरोपातल्या इतर देशांत चालू नयेत अशी व्यवस्था केल्याबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. बाजारपेठ एक मानली, तर आत भिंती नकोत, हा न्याय मला पटतो. पण भारत आणि अमेरिका तशी एक बाजारपेठ नाही.

म्हणूनच न्यू जर्सीतला भाचा सुट्टीत आला आणि म्हणाला, “मावशी, तुझ्या अकाउंटवरून रुपयात घेऊन दे ना,” तेव्हा मी नाही म्हटलं. तो भाव त्याच्यासाठी नव्हता. तो शेजारी बसलेल्या त्याच्या मावसभावासाठी होता, जो महिनाभर पैसे साठवून त्याच गेमची वाट पाहत होता.