पेनचं गाव, दुलीपसिंगांचंही

नॉरिचहून केंब्रिजकडे जाणारी गाडी अर्ध्या तासात थेटफर्डला थांबते. उतरणारे मोजकेच असतात. आजूबाजूला पाहायचं तर पाइनची झाडं आणि वाळूसारखी भुसभुशीत जमीन. हे जंगल पहिल्या महायुद्धानंतर सरकारने लावलं. त्याआधी इथे मोकळं माळरान होतं आणि त्यात सशांची राखीव कुरणं होती. मी नॉरिचला राहते, या मार्गावरून माझं जाणं-येणं असतं, पण थेटफर्ड नीट पाहिलं ते आबा भारतातून आले तेव्हा.

स्टेशनवरून गावात शिरताना जुन्या गावाचा भास लगेच होत नाही. 1950च्या दशकात पाच हजारांच्या आतबाहेर वस्तीचं हे गाव. लंडनची गर्दी पांगवण्यासाठी 1957मध्ये करार झाला आणि मग कारखाने, घरांच्या चाळवजा रांगा, शाळा असं सगळं उभं राहिलं. आज वस्ती वीस हजारांच्या वर आहे. अलीकडे पोर्तुगीज, लिथुएनियन, पोलिश कुटुंबंही मोठ्या संख्येने आली. एका पोर्तुगीज कॅफेत आम्ही कॉफी आणि 'पाश्तेल द नाता' घेतलं. आबांनी दुसरं मागवलं. गल्ल्यावरची बाई इंग्रजीत बोलत होती आणि स्वयंपाकघरात पोर्तुगीजमध्ये ओरडत होती. गावाची पहिली ओळख अशी झाली हे मला आवडलं, कारण पुढे दिवसभर जे पाहिलं त्याचा या बाईसारख्या बाहेरून आलेल्या माणसांशी संबंध होता.

हजार वर्षांपूर्वी मात्र थेटफर्डचा दबदबा होता. 869 साली डेन लोकांच्या सैन्याने हिवाळ्याचा तळ इथे टाकला. नॉर्मन काळात काही वर्षं पूर्व अँग्लियाच्या बिशपची गादीच इथे होती, ती पुढे नॉरिचला गेली आणि गावाचा मान उतरत गेला. राहिली ती किल्ल्याची टेकडी. माणसांनी माती ओढून रचलेली, चांगली उंच. पायऱ्या चढताना आबांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. वर तट नाही, बुरूज नाही, नुसतं गवत. साताऱ्याच्या माणसाला किल्ला म्हटल्यावर काय डोळ्यांपुढे येतं ते सांगायला नको, पण आबांनी तक्रार केली नाही. टेकडीभोवतीचे खंदक आणि मातीचे बांध लोहयुगातले, म्हणजे नॉर्मनांच्या हजाराहून जास्त वर्षं आधीचे आहेत, हे कळल्यावर ते उतरून पुन्हा त्या बांधांवरून चालत गेले.

गावात एका मठाचेही अवशेष आहेत. रॉजर बिगॉड या सरदाराने 1103-04मध्ये तो स्थापला. नॉरफकचे ड्यूक इथे पुरले जात. आठव्या हेन्रीने देशातले मठ मोडीत काढले, त्यात 1540मध्ये याचीही पाळी आली आणि ड्यूकांच्या कबरी सफक परगण्यातल्या फ्रॅमलिंगमला हलवल्या गेल्या. आज भिंती उभ्या आहेत त्या म्हणजे भिंतींचा आतला गाभा. बाहेरचा घडीव दगड लोकांनी काढून नेला. या भागात चांगला दगड मिळत नाही, मिळते ती गारगोटी. त्यामुळे घडीव दगडाला मोल होतं आणि गारगोटीला कोणी हात लावला नाही. जवळ जाऊन पाहिलं तर मुठीएवढ्या गारगोट्या चुन्यात ओळीने बसवलेल्या दिसतात. फुटलेल्या गारगोटीचं तोंड काळं, काचेसारखं चकचकीत, आणि कडेला खडूसारखी पांढरी साल. आबांनी बोट फिरवलं आणि धार लागते म्हणून झटकन मागे घेतलं. गावातल्या जुन्या घरांकडे नंतर लक्ष देऊन पाहिलं, तर काही भिंतींत गारगोट्यांच्या मध्येच एखादा कोरीव दगड दिसतो. तो कुठून आला असेल हे ओळखायला इतिहासकार लागत नाही.

पण आम्ही आलो होतो याच गावात जन्मलेल्या लेखक थॉमस पेनसाठी. आबा सातारा जिल्ह्यात हायस्कुलात इतिहास शिकवायचे. जोतीराव फुले आणि सदाशिवराव गोवंडे यांनी तरुणपणी, 1847च्या सुमारास, पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं, हे फुल्यांच्या चरित्रांत येतं आणि आबांच्या वर्गात दरवर्षी येई. दुसऱ्या वर्षी, 1848मध्ये, पुण्यात मुलींची शाळा निघाली. एका पुस्तकामुळे शाळा निघाली असं आबा कधी म्हणाले नाहीत. जोतीरावांना अनुभवाने जे कळलं होतं, त्याला त्या पुस्तकाने हक्काची भाषा दिली, असं ते म्हणत.

पेनचा पुतळा किंग स्ट्रीटवर आहे. सोनेरी मुलाम्याचा, उन्हात लांबून चमकणारा. उजव्या हातात पिसाची लेखणी, डाव्या हातात पुस्तक, आणि ते पुस्तक उलटं धरलेलं. मी आधी छायाचित्रात पाहिलं होतं, तरी समोर उभं राहिल्यावर मान वाकडी करून नाव वाचावंच लागतं: 'राइट्स ऑफ मॅन'. शिल्पकार चार्ल्स व्हीलर यांनी हे मुद्दाम केलं, लोकांनी त्यावर बोलावं म्हणून, असं इथे सांगतात. आबा बराच वेळ चौथऱ्याभोवती फिरले. जन्माने इंग्रज, ठरावाने फ्रेंच, अंगीकाराने अमेरिकन अशा अर्थाचा मजकूर तिथे कोरला आहे. पायताण काढायचं की नाही असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मग त्यांनी नुसते हात जोडले. शेजारून शाळकरी मुलं चिप्स खात गेली.

पेन इथे 1737मध्ये जन्मला. वडील स्त्रियांच्या काचोळ्या शिवणारे कारागीर आणि क्वेकर पंथाचे, आई वकिलाची मुलगी आणि राजमान्य चर्चची. गावच्या ग्रामर स्कूलमध्ये तो शिकला आणि मग वडिलांच्याच हाताखाली धंद्याला लागला. ती शाळा आजही चालू आहे. त्या काळचं थेटफर्ड कसं होतं हे समजून घेतलं की पेन समजायला सोपा जातो. गावातून पार्लमेंटवर दोन खासदार जात, आणि मतदार होते नगरपालिकेतले तीसेक जण, शेजारच्या ग्राफ्टनच्या ड्यूकांच्या मर्जीतले. बाकीच्या गावाने पाहत राहायचं. दर वसंतात परगण्याचं फौजदारी न्यायालय थेटफर्डला भरे. तेव्हा गावाला जत्रेसारखं रूप येई आणि फाशीच्या शिक्षा सुनावल्या जात. घोडा-मेंढी चोरण्यालाही तेव्हा कायद्यात फाशी होती. मत कोणाला आणि मरण कोणाला, हे या गल्ल्यांत वाढणाऱ्या मुलाला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. मला वाटतं, पेनच्या लेखणीला जी धार आहे तिचा उगम फिलाडेल्फियात किंवा पॅरिसमध्ये शोधण्याआधी इथे शोधायला हवा.

1774मध्ये तो अमेरिकेला गेला, 1776च्या जानेवारीत 'कॉमन सेन्स' छापलं आणि वसाहती स्वातंत्र्याची उघड मागणी करू लागल्या. 1791 आणि 1792मध्ये 'राइट्स ऑफ मॅन'चे दोन भाग आले. म्हाताऱ्यांना पेन्शन, गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाला पैसे, ही कलमं त्यात आकडेमोडीसकट आहेत. सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. तो फ्रान्सला निघून गेला होता, त्याच्या माघारी तो दोषी ठरला. त्या हिवाळ्यात इंग्लंडभर गावोगाव त्याच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. फ्रान्समध्ये राजाला मारू नका म्हणाला, तर तिथे तुरुंगात पडला. 1809मध्ये न्यूयॉर्कला वारला तेव्हा मयतीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या पत्रकाराने त्याची हाडं उकरून इंग्लंडला आणली, थाटात स्मारक बांधायचं म्हणून. स्मारक झालं नाही आणि हाडं पुढे हरवली.

मग थेटफर्डमध्ये त्याची आठवण कोणी उभी केली? दुसऱ्या महायुद्धात इथल्या विमानतळांवर अमेरिकन वैमानिक होते. त्यांच्या एका बॉम्बफेकी विमानाचं नावच 'टॉम पेन' होतं. 1943मध्ये त्यांनी गावाला पेनच्या नावाचा फलक दिला. सोनेरी पुतळा 1964चा, तोही अमेरिकेतल्या पेनप्रेमींनी दिलेला. राजद्रोही माणसाचा पुतळा भर रस्त्यात कशाला, म्हणून गावात तेव्हा कुरकुर झाली होती. दीडशे वर्षं ज्याचं नाव गावाने मोठ्याने घेतलं नाही, त्याला परक्यांनी घरी आणून बसवलं.

आणि इथेच दुसरी गोष्ट जुळते. व्हाइट हार्ट स्ट्रीटवर 'एन्शंट हाउस' नावाचं लाकडी चौकटीचं घर आहे, 1490च्या सुमाराचं, एका व्यापाऱ्याने बांधलेलं. ते विकत घेऊन 1921मध्ये गावाला देणारा माणूस म्हणजे राजपुत्र फ्रेडरिक दुलीपसिंग, महाराजा रणजितसिंगांचा नातू. 1924मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. आत शिरल्यावर आधी वर पाहावं. तळमजल्याच्या छताच्या ओक लाकडाच्या तुळया कडांपर्यंत कोरलेल्या आहेत. पाचशे वर्षांच्या धुराने आणि तेलाने लाकूड काळं पडलंय, तरी वेलबुट्टीच्या खाचा स्पष्ट दिसतात. आमच्याकडच्या वाड्याच्या माजघरात उभं राहिल्यासारखं वाटलं. फ्रेडरिकला नॉरफकच्या जुन्या घरांचा, चर्चचा, घराघरांतल्या व्यक्तिचित्रांचा ध्यास होता. ज्याच्या आजोबांचं राज्य, खजिना, कोहिनूर सगळं गेलं, त्याने दुसऱ्यांच्या पूर्वजांची चित्रं गोळा करून त्यांच्याच गावाला दिली. मला यात कडवटपणा सापडला नाही. मला त्यात फार मोठं मन दिसलं.

त्याचे वडील महाराजा दुलीपसिंग. ते दहा वर्षांचे असताना, 1849मध्ये, पंजाब खालसा झाला आणि आईपासून तोडून त्यांना वाढवलं गेलं. 1854मध्ये ते इंग्लंडला आले, पुढे थेटफर्डपासून चारेक मैलांवरची एल्व्हेडनची जहागीर घेतली. आई जिंदन कौर शेवटी लंडनला त्यांच्यापाशी आल्या आणि 1863मध्ये वारल्या. त्यांचा देह घेऊन दुलीपसिंग हिंदुस्थानात आले, पण पंजाबात जायला परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन झालं ते आपल्या नाशिकला, गोदाकाठी. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नाशिकला इतक्या वेळा गेलो आणि हे कोणी बोललं नाही."

आम्ही टॅक्सीने एल्व्हेडनला गेलो. वाडा खासगी आहे, आत जाता येत नाही. चर्चच्या आवारात एका ओळीत तीन कबरी: दुलीपसिंग, राणी बांबा आणि कोवळ्या वयात गेलेला मुलगा एडवर्ड. दुलीपसिंग 1886मध्ये पुन्हा शीख झाले होते. 1893मध्ये पॅरिसला वारले आणि तरी ख्रिस्ती पद्धतीने इथे पुरले गेले. बर्मिंगहॅमहून आलेलं एक शीख कुटुंब तिथे होतं. आजोबांनी आबांना हाताला धरून कबरीपाशी नेलं, दोघं हिंदीत बोलत राहिले. देह पंजाबला न्यावा असं त्या आजोबांचं ठाम मत. त्यांची नात म्हणाली, इथेच असू देत, आम्हाला इंग्लंडमध्ये यायला एक जागा आहे. दोघांचंही मला पटलं. थेटफर्डला नदीतल्या बेटावर महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्याचं अनावरण 1999मध्ये तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स यांनी केलं. तो पुतळाही शीख समाजाच्या खटपटीतून उभा राहिला.

परत येताना संग्रहालयात पुन्हा डोकावलो. तिथल्या स्वयंसेवक बाई गावच्याच, सत्तरीच्या. आबांनी त्यांना फुल्यांबद्दल सांगितलं. मी मधे दुभाषी. पुण्यात माळी समाजातल्या एका तरुणाने तुमच्या गावच्या माणसाचं पुस्तक वाचलं, बायकोला, सावित्रीबाईंना, शिकवून शिक्षिका केलं, 1873मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, सत्यशोधक समाज काढला. बाईंनी ही नावं कधी ऐकली नव्हती. त्यांनी कागद पुढे केला आणि नावाचं स्पेलिंग विचारलं. मग म्हणाल्या, एक पानभर मजकूर लिहून पाठवा, मी वरिष्ठांना दाखवते. लावतील की नाही सांगता येत नाही.

आबांनी त्याच रात्री चार पानं लिहिली. सध्या मी ती इंग्रजीत आणून एका पानात बसवते आहे. सुरुवात पेनपासून करावी, म्हणजे गावातल्या माणसाला धागा मिळेल, असं माझं म्हणणं आहे. आबांचा हट्ट आहे की पहिल्या ओळीत सावित्रीबाईंचं नाव आलंच पाहिजे. फोनवर रोज यावरून वाद होतो, आणि काल त्यांनी फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेच्या निबंधावर आणखी एक परिच्छेद पाठवला आहे.