सांधलेल्या ओठाची राखण

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानाला कपाळाच्या त्वचेतून नवे नाक घडवून देणाऱ्याचे कौशल्य तीत वर्णिलेले आहेच; परंतु माझ्यासारख्या परिचारिकेची नजर अडते ती, रुग्णास नंतर पाच-सहा दिवस उताणे निजवीत, या लहानशा तपशिलावर. प्रौढ माणसाला तसा हुकूम देता येतो. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीतून आलेल्या, दुभंगलेला ओठ नुकताच सांधलेल्या चार महिन्यांच्या बाळाला तो कोण देणार?

वय दहा आठवडे, वजन दहा पौंड आणि हिमोग्लोबिन दहा ग्रॅम भरल्यावाचून अशा ओठाला हात लावू नये, हा शल्यविशारदांचा जुना दंडक. टाके पडल्यावर मात्र ते राखण्याची जबाबदारी आमची. मूठ तोंडापर्यंत पोचू नये म्हणून कोपरांना मऊ पट्ट्या बांधाव्यात, त्या आळीपाळीने सोडून कातडीवर वळ उठला नाही ना हे पाहावे, पालथे पडू देऊ नये, दूध पाजल्यावर निर्जंतुक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने टाके न चोळता टिपावेत, असा हा क्रम आहे. टाळू सांधलेले मूल वारंवार आवंढे गिळू लागले, तर ओठ कोरडे असूनही आत रक्त झिरपत असण्याचा संभव असतो. म्हणून रात्री विजेरी हाताशी ठेवावी लागते.

या सर्वांहून टाक्यांचा मोठा वैरी म्हणजे रडणे. प्रत्येक हुंदक्यासरशी ओठ ताणला जातो; म्हणूनच वेदनाशामक वेळेवर देणे, भुकेचा आकांत होण्यापूर्वीच वाटी-चमच्याने थोडे थोडे दूध पाजणे आणि उभे धरून ढेकर काढणे, यांत माझ्या विद्येची खरी कसोटी लागते.

पण हे सारे पुढे आईच्या हातून व्हायचे असते, आणि ती तर बहुधा, गरोदरपणी ग्रहणात विळी हाताळल्यानेच बाळाचा ओठ दुभंगला, असा ठपका शिरावर घेऊन आलेली. गर्भाचा ओठ जुळतो किंवा जुळायचा राहतो तो सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास, पुष्कळदा दिवस गेल्याची खात्री पटण्यापूर्वीच, आणि त्यात विळीचा काही संबंध नाही, हे मी तिला प्रथम सांगते. कारण अपराधाच्या भावनेने कापणारा हात चमचा नीट धरू शकत नाही. तेच मी बाळाच्या आजीलाही बसवून ऐकवते, आणि सुनेला तिच्यादेखत दूध पाजायला लावते. गावी गेल्यावर ‘पट्ट्या सोड, लेकरू रडते’ म्हणणारी तीच असते. आणि तिला एकदा कारण पटले, म्हणजे पट्ट्यांचा बंदोबस्त दवाखान्याहून घरी अधिक कडक राहतो.