पैसा कोठें राबतो?

‘दाम करी काम’ ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों; परंतु तें काम कोणतें, हा प्रश्न आम्हांस उतारवयापर्यंत कधीं पडला नाहीं. आमच्या तीर्थरूपांनीं कांहीं कंपन्यांचे भाग आमच्या नांवें करून ठेविले होते. त्यांतील एकीचा लाभांश दरवर्षीं नेमानें येई, व त्यावर आमच्या कन्येची महाविद्यालयाची तीन वर्षांची फी भागली. पुढें एकदां सहज तिचा वार्षिक अहवाल उघडला, तेव्हां ती कंपनी स्फोटकें तयार करिते असें कळलें. स्फोटकांनीं विहिरी होतात, बोगदे होतात, हें खरें. पण अहवालांत ज्या मागणीचा अभिमानानें उल्लेख केला होता, ती विहिरींची नव्हती.

असा प्रश्न व्यक्तीला उशिरा पडतो, तसा तो मोठमोठ्या संस्थांनाही उशिराच पडतो. पाश्चात्य ख्रिस्ती मंडळ्यांपाशीं धर्मोपदेशकांच्या निवृत्तिवेतनासाठीं व धर्मकार्यासाठीं मोठे निधि असतात, आणि ते बाजारांत गुंतविलेले असतात. रविवारीं व्यासपीठावरून शांतीचा उपदेश व्हावा व सोमवारीं त्याच मंडळीचा पैसा तोफांच्या कारखान्यांत राबावा, ही विसंगति फार दिवस कोणाच्या डोळ्यांत खुपली नाहीं. 1968 सालीं स्वीडनमधील उप्साला येथें जागतिक चर्च परिषदेचें अधिवेशन भरलें, तेव्हां तरुण मंडळींनीं चर्चच्या पैशाला शांततेचा व बंधुभावाचा मार्ग हवा, अशी मागणी केली. तींतून 1975 सालीं नेदरलँड्समध्यें एक सहकारी संस्था निघाली. आज ती ऑइकोक्रेडिट या नांवानें ओळखली जाते. ती दान देत नाहीं, तर गरिबांच्या सहकारी संस्थांना व लहान कर्जें देणाऱ्या पेढ्यांना भांडवल पुरविते. आपल्याकडे हैदराबाद येथें तिची शाखासंस्था आहे.

दुसरा मार्ग आंत राहून जाब विचारण्याचा. 1971 सालीं अमेरिकेंतील एपिस्कोपल चर्चनें जनरल मोटर्सची एक भागीदार या नात्यानें, कंपनीनें दक्षिण आफ्रिकेंतून बाहेर पडावें, असा ठराव मांडला. त्याच वर्षीं त्या कंपनीच्या संचालक मंडळावर आलेले रेव्हरंड लिऑन सलिव्हन यांनीं 1977 सालीं तेथील कंपन्यांसाठीं समान वागणुकीचे नियम घालून दिले. परंतु नियम पाळूनही वर्णभेद हटेना, हें पाहून 1987 सालीं त्यांनींच कंपन्यांना तो देश सोडण्यास सांगितलें. आपलाच उपाय अपुरा ठरला, हें उघडपणें कबूल करणारा मनुष्य विरळा.

तिसरा मार्ग भाग विकून मोकळें होण्याचा. पॅलेस्टाइन व इस्रायल यांच्या तंट्यांत अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन चर्चनें या मार्गावर बरीच वर्षें घालविलीं. पॅलेस्टाइनच्या व्याप्त प्रदेशांत ज्यांचीं यंत्रें व उपकरणें वापरलीं जातात, अशा तीन कंपन्यांचे भाग विकावे कीं नाहीं, यावर 2012 सालीं मतें पडलीं. विक्रीच्या विरुद्ध 333, बाजूस 331! त्याऐवजीं त्या प्रदेशांतील शांततेच्या उद्योगांत भांडवल घालावें, असें ठरलें. 2014 सालीं पुन्हां मतें घेतलीं, तेव्हां विक्रीच्या बाजूस 310 व विरुद्ध 303 पडलीं. ज्यू संस्थांना हा निर्णय एकतर्फी वाटला व त्या दुखावल्या. शांततेसाठीं केलेल्या कृतीनेंही शेजारधर्मास तडा जाऊं शकतो, ही गोष्ट वाचकांनीं नजरेआड करूं नये.

या मतभेदाची आम्हांस नवल वाटत नाहीं. कारण तीं दोन्हीं मतें आमच्या एकट्याच्या मनांत कित्येक महिने पडत होतीं. आमचा पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही विकले तर दुसरा घेईल. कंपनीचें काय जातें?” त्याचें म्हणणें खोटें नाहीं. बाजारांत भाग हस्तांतरित झाल्यानें कारखान्याची एक भट्टीही विझत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतही चर्चांची कृति एकटी पुरी पडली नाहीं. बहिष्कार, सरकारी निर्बंध, आणि सर्वांहून अधिक तेथील जनतेचा लढा, हें सारें मिळून तें झालें. पण पुतण्याच्या बोलण्यांत एक प्रश्न राहून गेला होता. कंपनीचें काय जातें हें त्यानें सांगितलें. आमच्यापाशीं काय येतें, हें नाहीं.

अखेर आम्हीं ते भाग विकले. भाव चांगला आला, म्हणजे त्यागाचें पुण्यही पदरीं पडलें नाहीं. कन्येस हकीकत सांगितली, तेव्हां ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “बाबा, माझी पदवी आतां परत कशी करायची?” याचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं.

विक्रीची रक्कम सध्यां एका बँकेंत मुदतठेवींत आहे. ती बँक तो पैसा कोणास कर्जाऊ देते, हें विचारावयास आम्ही पुढील सोमवारीं जाणार आहों. हा बेत आम्हीं पूर्वींही दोनदां केला होता.